स्वभावाला औषध नाहीं?

माणसाच्या स्वभावासंबंधानें आमच्या मराठी भाषेंत ज्या म्हणी आहेत, त्यांतल्या बहुतेक खटल्याचा निकाल लावून मोकळ्या होणाऱ्या आहेत. खाण तशी माती. बाप तसा बेटा. जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, स्वभावाला औषध नाहीं. पोर वर्गांत चुळबूळ करीत असो, सून अबोल असो, भाऊ तापट असो, कीं घरचा म्हातारा एकाएकीं संशयी झालेला असो, सर्वांना ही एकच पुडी. पुडी देणाराचें काम झालें. ज्याला ती दिली त्याचें पुढें काय झालें, याची चौकशी कोणी करीत नाहीं. आज आम्ही ती करणार आहों.

चौकशीचें निमित्त असें कीं, हल्लीं मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धि किती, स्वभाव कसा, व त्यानें पुढें डॉक्टर व्हावें कीं इंजिनिअर, हें छापील कागदावर सांगणाऱ्या कंपन्यांचे एजंट शाळांतून व शिकवणीच्या वर्गांतून फिरत असतात. दुसरे कांहीं लाळेचा नमुना मागवितात, व जनुकें वाचून मुलांतला गवई आणि मुलींतला खेळाडू हुडकून देण्याचें आश्वासन देतात. पूर्वीं जोशीबुवा पंचांग उघडून पाळण्यांतल्या पोराचें भविष्य सांगत. त्यांना पसाभर दाणे पुरत. आतां पंचांगाच्या जागीं रंगीत तक्ते आले आणि दक्षिणा हजारांवर गेली, एवढाच फरक. बोटांवरच्या रेषांवरून स्वभाव सांगण्यास शास्त्राचा कसलाही आधार नाहीं, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवतों. जनुकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. जनुकें खरीं आहेत, व त्यांचा स्वभावाशीं संबंध आहे हेंही खरें आहे. म्हणूनच त्यांच्या नांवावर खपणारें खोटें अधिक घातक. कारण निव्वळ खोट्यापेक्षां खऱ्यांत कालवलेलें खोटें लवकर गळ्याखालीं उतरतें.

येथें आमच्याच गोटांतल्या कांहीं मंडळींशीं आम्हांस दोन शब्द बोलले पाहिजेत. जन्म, बीज, रक्त हे शब्द कानीं पडले कीं हीं मंडळी बिथरतात, आणि माणूस म्हणजे कोरी पाटी, संस्कार लिहितील तें तिच्यावर उमटेल, असें सांगूं लागतात. त्यांचें बिथरणें आम्हांला समजतें. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या 'तुमच्या जन्मांतच खोट आहे' असें ऐकावें लागलें, त्यांना जन्माचें नांव नकोसें वाटावें यांत नवल काय? परंतु खरी गोष्ट गैरसोयीची आहे म्हणून ती नाकारणें हें पोथीशाहीचें लक्षण आहे, सत्य शोधणाऱ्याचें नव्हे. चार लेंकरें वाढविलेल्या कोणत्याही आईला विचारा. एकाच घरांत, एकाच दुधावर वाढलेलीं तिचीं चार पोरें पाळण्यापासूनच चार तऱ्हांचीं होतीं असें ती सांगेल. तिची पाटी कोरी नव्हती.

आईचा हा अनुभव शास्त्रज्ञांनीं जुळ्यांवरून ताडून पाहिला. जुळीं दोन प्रकारचीं असतात. एकाच बीजांडाचे दोन भाग होऊन झालेलीं जुळीं हुबेहूब सारखीं दिसतात. त्यांचीं जनुकें जवळजवळ तींच असतात. दोन निरनिराळ्या बीजांडांपासून झालेल्या जुळ्यांचें साम्य इतर भावंडांइतकेंच, म्हणजे सरासरीनें निम्में. दोन्ही प्रकारच्या जोड्या एका घरांत, एका पंगतीला वाढतात. मग पहिल्या जोड्यांचे स्वभाव दुसऱ्या जोड्यांपेक्षां अधिक जुळत असतील, तर तें वाढीव साम्य जनुकांच्या खातीं जमा करावें लागतें. २०१५ सालीं 'नेचर जेनेटिक्स' या मासिकांत मागील पन्नास वर्षांतल्या अशा २,७४८ निबंधांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत जुळ्यांच्या सुमारें १ कोटि ४५ लक्ष जोड्यांची माहिती होती. उंचीपासून आजारापर्यंत सर्व गुण मिळून माणसामाणसांतल्या फरकापैकीं शेंकडा ४९ फरक जनुकांच्या खातीं पडला. स्वभावापुरतें पाहिलें तर हा आंकडा ४० ते ५० च्या दरम्यान येतो. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत टॉमस बुशार्ड यांनीं १९७९ पासून अगदीं लहानपणीं ताटातूट झालेलीं जुळीं हुडकून तपासलीं. हुबेहूब जुळीं वेगळ्या घरीं वाढलीं तरी स्वभावानें एकमेकांशीं जवळजवळ तितकींच मिळतीजुळतीं निघालीं, जितकीं एकत्र वाढलेलीं. हा पुरावा डोळ्याआड करतां येत नाहीं.

स्वभाव मेंदूंत कोठें राहतो, याचाही कांहीं पत्ता लागला आहे. हार्वर्ड विद्यापीठांतील जेरोम केगन यांनीं चार महिन्यांच्या सुमारें ५०० तान्ह्या बाळांपुढें नवीं खेळणीं हलविलीं, नवे आवाज ऐकविले, नवे वास दिले. शेंकडा २० बाळें हातपाय झाडून रडूं लागलीं, तर शेंकडा ४० निवांत पाहत राहिलीं. पहिलीं पुढें बुजरीं होण्याचा संभव अधिक ठरला. मेंदूंत दोन्ही बाजूंस अमिग्डला नांवाचा बदामाएवढा भाग आहे. धोका हेरून शरीराला हांक देणें हें त्याचें एक काम. जीं मुलें दुसऱ्या वर्षीं बुजरीं होतीं, तीं विशी ओलांडल्यावर तपासलीं, तेव्हां अनोळखी चेहरा दिसतांच त्यांचा हा भाग इतरांपेक्षां अधिक चेतलेला आढळला. ही माहिती २००३ सालीं प्रसिद्ध झाली. पण केगन यांनीं आणखीही एक गोष्ट नोंदली आहे, आणि ती आमच्या मतें अधिक मोलाची आहे. त्या रडणाऱ्या बाळांपैकीं थोडींच मोठेपणीं अतिशय बुजरीं राहिलीं. बहुतेक चारचौघांसारखीं वागूं लागलीं. आंतला पहारेकरी तोच राहिला. त्याच्या हांकेला किती धांवावयाचें, हें घरधनी शिकला.

आतां याहून जुनी गोष्ट ऐका. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत कॅव्हेंडिश गांवाजवळ आगगाडीच्या रस्त्यासाठीं खडक फोडण्याचें काम चाललें होतें. फिनीअस गेज नांवाचा पंचवीस वर्षांचा मुकादम भोकांत दारू ठासत असतां ती पेटली, आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची पहार डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यांतून बाहेर पडली. गेज वांचला, चालूं बोलूं लागला. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, पूर्वींचा समतोल व हिशेबी मुकादम जाऊन त्याच्या जागीं शिवराळ, लहरी, आज बेत करून उद्यां मोडणारा माणूस आला. त्याचे सोबती म्हणूं लागले, हा आमचा गेज नव्हेच. कपाळामागचा मेंदू दुखावला आणि माणूस बदलला. आमच्या खेड्यांत अशा माणसाला भूत लागलें म्हणून देवऋष्याकडे नेलें असतें. आजही डोक्याला मार लागल्यावर, अर्धांगाचा झटका आल्यावर, थायरॉईडची गांठ बिघडल्यावर किंवा उतारवयांत मेंदू झिजूं लागल्यावर माणूस बदलतो. आणि घरचे लोक एक तर अंगारा लावतात, नाहींतर 'याचा मूळ स्वभाव आतां बाहेर पडला' म्हणून त्याच्याशीं भांडत बसतात. दोन्हींत दवाखाना राहून जातो. गेजची गोष्टही तेथेंच संपत नाहीं. पुढें त्यानें चिली देशांत कित्येक वर्षें घोड्यांची प्रवासी गाडी हांकली. रोजचें ठराविक काम व ठराविक वाट यांनीं त्याला पुष्कळ सांवरलें असावें, असें त्याचें चरित्र बारकाईनें तपासणारांचें मत आहे. पहारीनें फोडलेल्या मेंदूलाही कांहीं औषध होतें, तर मग धड मेंदूला कां नसावें?

कोणी म्हणेल, 'तुम्हीच शेंकडा ४९ चा आंकडा दिला. मग निम्मा स्वभाव जन्मानें ठरला कीं नाहीं?' हा प्रश्न रास्त आहे, आणि याच प्रश्नावर पुष्कळांची फसगत होते. माझ्या रागांतला निम्मा राग बापाचा आणि निम्मा शाळेचा, असा त्या आंकड्याचा अर्थ नाहीं. तो एका माणसाचा आंकडा नव्हे; माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, आणि तीं माणसें ज्या परिस्थितींत वाढलीं त्या परिस्थितीपुरताच खरा आहे. आमच्या शेतकरी वाचकांना हें समजावयास शास्त्रज्ञ नको. एकाच पोत्यांतला शाळू अर्धा काळ्या रानांत पेरा व अर्धा मुरमाड माळावर. काळ्या रानांत जमीन व ओल सर्व ताटांना सारखी. तेव्हां तेथल्या कणसांत जें लहानमोठें दिसेल तें बहुतांशीं बियाण्याचें. माळावरच्या कणसांचा आपसांतला फरकही तसाच. पण दोन्ही खळ्यांवरच्या राशी शेजारीं ठेवून, 'पाहा, या राशीचें बियाणेंच हलकें' असें कोणी म्हणूं लागला, तर त्याला शेतकरी कोण म्हणेल? पोतें एकच होतें! एका रानांतल्या दोन ताटांचा निवाडा बियाण्यावर करतां येतो. दोन रानांचा करतां येत नाहीं. उच्च कुळ व नीच कुळ यांच्या गोष्टी सांगणारांनीं जन्मभर नेमकी हीच लबाडी केली आहे.

दुसरी गोष्ट वांटणीची. प्रत्येक माणसाच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. मूल होतांना प्रत्येक जोडींतलें एकेक, म्हणजे आईकडून २३ व बापाकडून २३, त्याच्या वांट्याला येतात. कोणत्या जोडींतलें कोणतें यावें, हा निव्वळ चिठ्ठ्यांचा खेळ. एकट्या आईकडून येऊं शकणारे वांटे ८३,८८,६०८ प्रकारचे होतात. बापाकडूनही तितकेच. दोहोंचे मिळून होणारे प्रकार ७० लक्ष कोटींहून अधिक. आणि गुणसूत्रें आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ती याहून वेगळीच. म्हणून शांत आईबापांच्या पोटीं तापट पोर येतें, आणि दारुड्याच्या घरीं असें मूल जन्मतें कीं गांवानें त्याच्याकडून शहाणपण शिकावें. जन्म स्वभावाची ठेवण देतो खरा, पण ती एकेका माणसाला नव्यानें देतो; जातीला गठ्ठ्यानें देत नाहीं. हा आमच्या आजच्या लेखाचा मुद्दा आहे, आणि वाचकांनीं तो गांठीं मारून ठेवावा.

तिसरी गोष्ट, स्वभावाचें एकच जनुक नसतें. १९९३ सालीं हॉलंडांतील एका कुटुंबांत एकच जनुक मोडल्यामुळें कांहीं पुरुष भलतेच उग्र झालेले आढळले. पण असा प्रकार फार विरळा. १९९६ सालीं मेंदूंतल्या सेरोटोनिन या द्रव्यासंबंधीचें जनुक चिंतातुरपणाशीं जोडलें गेलें, तेव्हां मोठा गाजावाजा झाला. पुढें २०१९ सालीं, उदासीनतेच्या रोगाशीं संबंध असल्याबद्दल गाजलेलीं १८ जनुकें लाखों लोकांच्या माहितीवर घांसून पाहिलीं. इतर कोणत्याही जनुकांपेक्षां त्यांचा संबंध अधिक दिसला नाहीं. स्वभावांत हजारों जनुकांचा कणकण वांटा असतो, आणि त्या कणांची बेरीज करूनही एका पोराचें भविष्य वाचतां येत नाहीं. तेव्हां लाळेची नळी घेऊन येणाऱ्या एजंटाला दारांतूनच निरोप द्यावा, व ते पैसे पोराच्या दुधावर व पुस्तकांवर खर्चावे.

अर्धें शास्त्र हातीं धरून सत्ता चालविली म्हणजे काय अनर्थ होतो, हें जगानें पाहिलें आहे. इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८६९ सालीं मोठ्या घराण्यांच्या याद्या करून बुद्धि वंशानें उतरते असें मांडलें. त्या घराण्यांत पैसा, ग्रंथ व ओळखीही वंशानेंच उतरत होत्या, याचा हिशेब मात्र नीट धरला नाहीं. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कॅरी बक या गरीब मुलीची नसबंदी आठ विरुद्ध एक मतानें कायदेशीर ठरविली. तिची आई, ती व तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धीच्या आहेत, असें कारण दिलें. तीच तान्ही मुलगी पुढें शाळेंत जाऊन चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादींत आली! जर्मनींत १९३३ च्या कायद्याखालीं सुमारें चार लाख माणसांची नसबंदी झाली. त्या कायद्याच्या थोडें आधीं बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर यांच्या संस्थेंत आमच्या इरावतीबाई कर्वे शिकत होत्या. गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवण निराळी, म्हणून त्यांची बुद्धि वरचढ, असा गुरूंचा तर्क होता. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या. तर्काला आधार मिळाला नाहीं. आणि त्यांनीं गुरूंच्या दारांतच तसें लिहून दिलें. बाई कोणत्या जातींत जन्मल्या हें आम्ही पाहत नाहीं. त्यांचा हा बाणा पाहतों.

आमच्या देशांत १९०१ च्या शिरगणतीचे कमिशनर हर्बर्ट रिस्ली यांनीं नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता लावली होती. डॉ. आंबेडकरांनीं १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथांत नाकांचींच मापें पुढें ठेवून ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशानें वेगळे नाहींत असें दाखविलें. १९७२ सालीं रिचर्ड लिवॉन्टिन यांनीं जगांतील लोकांची तुलना केली, तेव्हां माणसांतल्या जनुकीय फरकापैकीं सुमारें शेंकडा ८५ फरक एकाच समाजांतल्या माणसामाणसांत सांपडला. आमच्या शहाण्णव कुळी बंधूंनींही हा आंकडा एकदां वाचावा. वरच्यानें आम्हांस रक्तावरून हिणविलें तर तो अन्याय, आणि आम्हीं सोयरीक जुळवितांना खालच्याला रक्तावरून हिणविलें तर तें खानदान, हा न्याय कोठला?

आतां औषधाकडे येऊं. नॉर्वे देशांत एक आई आपलीं दोन मतिमंद मुलें घेऊन वैद्यामागून वैद्य धुंडीत होती. 'जन्मतःच तशीं आहेत' हें उत्तर ऐकून ती घरीं बसली नाहीं. १९३४ सालीं आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनीं तिच्या मुलांचें मूत्र तपासलें, आणि फेनिलकीटोन्यूरिया या रोगाचा शोध लागला. एका जनुकाच्या दोषामुळें अन्नांतला एक घटक पचत नाहीं व तो सांचून मेंदू नासवितो. म्हणजे दोष अस्सल जन्माचा. पण उपाय काय निघाला? तो घटक बेतानें घातलेला आहार! १९५३ च्या सुमारास इंग्लंडांत त्याची प्रचीति आली, आणि १९६० नंतर नवजात बाळाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून रोग ओळखतां येऊं लागला. जन्मापासून तो आहार मिळालेलीं बाळें चारचौघांसारखीं वाढतात. जनुक तेंच, ताट बदललें.

उलट बाजू रुमानियांत दिसली. १९८९ सालीं तेथील हुकूमशाही पडली तेव्हां लाखाहून अधिक मुलें अनाथगृहांत कोंडलेलीं सांपडलीं. खावयास होतें, पण उचलून घेणारें कोणी नव्हतें. २००० सालीं सुरू झालेल्या पाहणींत १३६ लहान मुलांपैकीं निम्मीं चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत दिलीं. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धि अधिक वाढली. दुसऱ्या वर्षाच्या आंत गेलेल्यांचा लाभ सर्वांत मोठा ठरला. मांडी व बोलणें हेंही मेंदूचें अन्न आहे. गर्भवतीच्या आहारांत आयोडीन कमी पडलें तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ तें टाळतें. मग अशा ठिकाणीं खुंटलेल्या बुद्धीचा दोष बीजावर कोणत्या तोंडानें ठेवावा?

शाहू छत्रपतींपाशीं जनुकांचें शास्त्र नव्हतें. तरी त्यांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें काढलीं व १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. बियाणें सर्व घरीं आहे, रान मात्र नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. आजचें शास्त्र त्यांच्याच बाजूनें साक्ष देत आहे.

म्हणून वाचकहो, आमचें मागणें थोडें आहे. चुळबुळ्या पोराला मारूं नका, व बुजऱ्या पोराला चारचौघांत ढकलून हिणवूं नका. जो स्वभाव घेऊन तें आलें आहे त्याच्या कलानें त्याला वाढवा. एका भावंडाची काठी दुसऱ्याला लावूं नका. मूल हट्टी निघालें म्हणून त्याच्या आईच्या माहेराचा उद्धार करूं नका. निम्म्या चिठ्ठ्या बापाच्याही होत्या. घरांतलें माणूस एकाएकीं बदललें, गप्प झालें, जगणें नको म्हणूं लागलें, तर 'स्वभावच तसा' म्हणून सोडूं नका; त्याच दिवशीं डॉक्टरकडे न्या. या एका म्हणीच्या भरंवशावर किती माणसें उपचारावांचून गेलीं असतील, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरापासून करावा. आणि अंगणवाडींत अंडें व दूध वेळेवर मिळतें कीं नाहीं, शाळेंत शिक्षक आहे कीं नाहीं, याचा जाब गांवच्या सभेंत उभे राहून विचारा. स्वभावाच्या औषधाचा मोठा भाग तेथें अडून बसला आहे.